असं खरंच झालं होतं का?

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला येणारी पत्रं कौतुकाची असोत नाहीतर रागाची, फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. ताई, हे खरंच असं झालं होतं का? कुणी संकोचत विचारतं, कुणी तावातावाने. सांगलीकडच्या एका निवृत्त मास्तरांनी तर तक्ताच करून पाठवला होता. डाव्या बाजूला पान क्रमांक आणि माझं वाक्य, उजव्या बाजूला फक्त ‘आधार?’. तो तक्ता मी जपून ठेवला आहे. इतक्या बारकाईने वाचणारा माणूस मिळणं हे लिहिणाऱ्याचं भाग्य. अशा माणसाला ‘अहो, कादंबरी आहे ती, एवढं काय मनावर घेता’ म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. बरीचशी उत्तरं मी ज्याची त्याला लिहिली. काही मात्र दोन ओळींत मावणारी नव्हती. ती इथे लिहिते आहे.

कादंबरी पार्वतीबाईंवर आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, पानिपतावर नवऱ्याबरोबर गेलेल्या आणि तिथून एकट्या परतलेल्या. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, गर्दीत शिरले आणि मग कुणाला दिसले नाहीत. अब्दालीच्या बाजूने उतरलेल्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईची हकिगत फारसीत लिहून ठेवली आहे. प्रेतांच्या ढिगात सापडलेलं शिराविना धड, अंगावरच्या खुणांवरून पटलेली ओळख, मग अग्नी, हे सगळं त्याच्याकडे आहे. पण ही हकिगत त्याने लिहिली १७८० मध्ये. तोवर एकोणीस वर्षं उलटून गेली होती, आणि त्या एकोणीस वर्षांत पुण्यात एक बाई कपाळाचं कुंकू पुसायला तयार नव्हती.

आणि मग तोतया. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण, भाऊसाहेब म्हणून उभा राहिलेला. थोरल्या माधवरावांच्या काळातच त्याला पकडून चौकशी झाली होती आणि किल्ल्यांवर कैदेत टाकलं होतं. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावर तो रामचंद्र नाईक परांजप्यांच्या ताब्यात होता. त्यांनीच त्याला बाहेर काढलं आणि पेशवा म्हणून पुढे केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, हजारोंची फौज जमली, घाटापर्यंत मजल गेली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून गेले तेव्हा ती फौज मोडली. तो पळून कुलाब्याकडे गेला, तिथे राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केला. पुन्हा चौकशी झाली आणि त्याच साली डिसेंबरात त्याला देहान्त शिक्षा झाली.

इतकं सगळं कागदात आहे. त्यात माझं काही नाही.

मास्तरांच्या तक्त्यातली पहिली हरकत अशी होती: पानिपत ऐन संक्रांतीला झालं, मग छावणीत संक्रांत चार-पाच दिवस आधी का उरकून टाकलीत? ही हरकत इतरांनीही घेतली, कारण ‘मराठेशाहीवर संक्रांत कोसळली’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण १७६१ साली मकरसंक्रांत चौदा तारखेला नव्हतीच. सूर्य मकरेत जाण्याचा दिवस आपल्या इंग्रजी तारखांच्या मानाने साधारण सत्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. तेव्हा ती जानेवारीच्या ९-१० तारखेच्या सुमारास होती. म्हणून माझ्या कादंबरीतल्या बायका उपासमारीच्या छावणीत मूठभर तीळ कुठून तरी मिळवतात आणि सण करतात, आणि लढाई त्यानंतर होते. मला हे फार मोलाचं वाटलं. सण आणि संहार एकाच दिवशी घातले की वाचक नियतीकडे बघतो. मधे चार दिवस ठेवले की तो त्या बायकांकडे बघतो. आज काय शिजवायचं, उद्या काय, हा त्यांचा प्रश्न असतो. नोव्हेंबरपासून अडकून पडलेली छावणी, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तुटलेली रसद, आणि लष्कराबरोबर यात्रेला म्हणून निघालेली ती सगळी माणसं. पंचांगाने माझ्या कल्पनेला अडवलं नाही, उलट ती कुठे बसवायची ते दाखवलं.

दुसरी हरकत ‘दोन मोत्यें गळालीं’ची. हे वाक्य नानासाहेब पेशव्यांच्या तोंडी का नाही, असं अनेकांनी विचारलं. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही: हा निरोप सावकाराच्या पत्रातला, दक्षिणेकडे चाललेल्या जासुदाजवळ सापडलेला, अशीच त्याची हकिगत ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात दिली आहे. माझ्याकडेही तो सावकाराच्याच लेखणीतून येतो. नानासाहेब तो ऐकतात फक्त. सावकाराने माणसांचा हिशेब नाण्यांत लिहिला, कारण पत्र वाटेत कुणाच्या हाती लागलं तरी अर्थ फुटू नये. व्यापारी माणसाची ती सावधगिरी आहे. पुत्र आणि चुलतभाऊ गमावलेल्या माणसाच्या तोंडी ते घातलं असतं तर तो शोक न राहता टाळीचं वाक्य झालं असतं. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. त्यांच्या तोंडी मी फारसं काही ठेवलेलंच नाही.

सुभेदार मल्हारराव होळकरांबद्दलची पत्रं जरा कडक असतात, आणि ती दोन्ही बाजूंची असतात. एक म्हणतो, रण सोडणाऱ्याला तुम्ही पाठीशी घातलंत. दुसरा म्हणतो, सुभेदारांना मैदानातून निघताना दाखवण्याची तुमची हिंमत कशी झाली. दोघांनाही माझं एकच म्हणणं आहे. ही कादंबरी पार्वतीबाईंच्या डोळ्यांतून आहे, आणि त्या जिवंत परतल्या. जी माणसं त्या संध्याकाळी निघाली, त्यांच्यामुळेच परतल्या. वाटेत सूरजमल जाटाच्या मुलखात उपाशी, जखमी माणसांना अन्न-वस्त्र मिळालं, तेही त्यांनी पाहिलं. त्या बाईने सुभेदारांचा निवाडा काय केला असेल हे मी तिच्या बाजूने लिहिलं. पुण्याच्या कट्ट्यावरचा निवाडा वेगळा होता, तोही कादंबरीत आहे, पण तो कट्ट्यावरच्या माणसांच्या तोंडी आहे.

एका वाचकाने हरियाणातून लिहिलं. तिथल्या रोड समाजातले अनेक जण आपली मुळं पानिपतावर लढलेल्या मराठ्यांशी जोडतात, आणि १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकापाशी जमतात. त्याने हिंदीत विचारलं होतं की जे परतले नाहीत आणि मेलेही नाहीत, त्यांच्यावर तुम्ही मराठी लोक कधी लिहिणार? या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन ते बहुधा पुस्तकाच्याच रूपाने.

आता ज्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं, तो. पार्वतीबाईंच्या तैनातीत माझ्या कादंबरीत एक कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, आहे. दिल्लीपासून त्यांच्याबरोबर आहे, पानिपतातून त्यांचा हात धरून निघते, आणि पुढे वाड्यात त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी झोपते. ही माझी. हिला कागदात नाव नाही. नागपूरच्या एका मुलीने फार आपुलकीने लिहिलं की ताई, मला तिची समाधी बघायची आहे, पुण्यात नेमकी कुठे आहे?

मी तिला लिहिलं की समाधी नाही, कारण ती बाई झालीच नाही. आणि मग वाटलं, हे उत्तर अर्धंच आहे. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आहेत. त्यांची खरेदी-विक्री आहे, किंमत आहे, वय आहे, एका घरातून दुसऱ्या घरात दिल्याची नोंद आहे. हिशेबाच्या ओळीत एक बाई येते आणि पुढच्या ओळीत तेल-तूप येतं. माझी कुणबीण अशा ओळींमधून उभी राहिली आहे. तिचं बोलणं, तिचा राग, मालकिणीवरची तिची माया आणि त्या मायेत मिसळलेली तिची सक्ती, हे मी लिहिलं. पण ती जिथे झोपते ती जागा, तिला मिळणारं लुगडं, तिच्या मुलावर तिचा हक्क नसणं, हे मी मनाने रचलेलं नाही. ते होतं. नागपूरच्या मुलीला दुसरं पत्र लिहून मी हे सांगितलं. समाधी बघायची इच्छा खरी असेल तर ती त्या किमतीच्या नोंदींपाशी घेऊन जा, असंही लिहिलं.

कागद वाचणं म्हणजे नेमकं काय, हेही बरेच जण विचारतात, विशेषतः महाविद्यालयातली मुलं. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की आत मोडी. बोरूने, हात न उचलता लिहिलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसलेली. पत्रावर तारीख असते ती आपल्या ओळखीची नाही. ‘इहिदे सितैन मया अलफ’ असं लिहिलेलं असतं. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार: सुहूर सन अकराशे एकसष्ट. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. म्हणून मृग ते डिसेंबर असेल तर त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरचं असेल तर ६००. अकराशे एकसष्टात सहाशे मिळवले की १७६१ येतो, आणि हातातला कागद पानिपताच्या आगेमागे लिहिलेला आहे हे कळतं. पहिल्यांदा हा हिशेब बोटांवर जुळला तेव्हा माझे हात थांबले होते. समोरच्या माणसाला पुढे काय होणार हे ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं. तो मात्र खर्चाची ओढ आहे, घोडी उपाशी आहेत, हुंडी लवकर पाठवावी, असंच लिहीत असतो.

सगळ्यांनीच दफ्तरात जायला हवं असं नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या पत्रव्यवहाराचाच आहे. पुढे सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. या लोकांनी घरोघर, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जाणारे कागद वाचवले. माझ्यासारखीला आज जे काही लिहिता येतं ते त्यांच्या जिवावर. म्हणून कागद बोलत असेल तिथे मी त्याच्यावर आवाज चढवत नाही. माझ्याकडून हा एक नियम कधी सुटलेला नाही, आणि तो सुटला तर लिहिणं थांबवावं असं मला मनापासून वाटतं.

पण कागद राज्यासाठी लिहिला जातो. तोतयाने कोणता किल्ला घेतला, कोणाला किती फौज देऊन रवाना केलं, हे त्यात असतं. कुंकू न पुसलेल्या बाईकडे घरातल्या बाकीच्या बायका कशा बघायच्या, हे कोण कशाला लिहील? ‘हळदीकुंकवाचा प्रसंग कुठल्या साधनात आहे?’ असं मास्तरांच्या तक्त्यात होतं. त्याचा आधार असा.

कादंबरी अर्धी झाली होती तेव्हा अलिबागला एका वाचनालयात बोलायला गेले होते. भाषण झाल्यावर एक आजी थांबल्या. नव्वदीच्या घरातल्या, नऊवारी नेसलेल्या. म्हणाल्या, “बाय, ती भाऊची बायको कुंकू लावायची म्हणालीस ना, तशी माझी आत्या होती.” आत्याचा नवरा मुंबईला गिरणीत होता. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, त्यात तो. प्रेत मिळालं नाही. कुणाकुणाची लागली किनाऱ्याला, त्याचं नाही लागलं. पोहणारा माणूस होता, कुठे तरी निघाला असेल, असं आत्या म्हणायची. दर वर्षी वडाला जायची.

मी विचारलं, “आजी, हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं यायचं का हो?”

त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. “पहिली दोन-तीन वर्षं यायचं. बायकांना वाटायचं, कोण जाणे. मग यायचं बंद झालं. कुणी काही बोललं नाही, नुसतं बोलावणं येईना. मग ती आपल्याच घरी करायची. बायका येत नसत. आम्हां पोरींना बोलवायची, आमच्या कपाळाला लावायची आणि आमच्याकडून स्वतःला लावून घ्यायची.” आणि मग, “आम्हाला मजा वाटायची गो. डाळ-पन्हं मिळायचं.”

कादंबरीत शनिवारवाड्यात पार्वतीबाई चैत्रातलं हळदीकुंकू करतात आणि त्या दिवशी त्यांच्याकडे फक्त लहान मुली येतात, ते इथून आलेलं आहे. मास्तरांना मी हे असंच्या असं लिहून कळवलं. त्यांचं उलटटपाली उत्तर आलं. ‘आधार?’च्या जागी त्यांनी ‘ऐकीव, विश्वसनीय’ असं भरून घेतलं होतं.

नाना फडणीसांवरून मात्र माझं आणि अनेक वाचकांचं पटत नाही. तोतयाला शिक्षा देणारे नाना तुम्ही इतके हळवे का दाखवलेत, असा सूर असतो. कारस्थानी, थंड डोक्याचा कारभारी अशीच त्यांची प्रतिमा आपल्या मनात बसली आहे. पण १७७६ मधले नाना चौतिशीतले आहेत. तीन वर्षांपूर्वी नारायणरावांचा खून झालाय, गादीवर दोन वर्षांचं मूल आहे, राघोबादादा इंग्रजांच्या आसऱ्याला आहेत, मार्चमध्येच पुरंदरचा तह झालाय. अशा वेळी कोकणातून भाऊ उठतो. राज्याच्या दृष्टीने याहून वाईट वेळ नव्हती. पण नानांसाठी आणखी एक गोष्ट होती. ते स्वतः पानिपतावर होते, एकोणिसाव्या वर्षात. भाऊंना त्यांनी जवळून पाहिलं होतं. आणि त्यांची आईही त्या छावणीत होती, ती परतली नाही. त्यांनी लिहून ठेवलेल्या लहानशा आत्मवृत्तात हे दुःख आहे. आता असा माणूस एका गर्दीसमोर उभा आहे, जी म्हणते आहे की पानिपतात गेलेला एक जण परत आला. त्याच्याइतकं कुणाला वाटलं असेल की हे खरं असावं? भाऊ परत येऊ शकतात तर आईही येऊ शकते. आणि त्यालाच म्हणायचं आहे की नाही, हा तो नव्हे. मी नानांना हळवं केलेलं नाही. त्यांच्या आयुष्यातल्या दोन कागदोपत्री गोष्टी फक्त शेजारी शेजारी ठेवल्या.

या कादंबरीने मला माझ्याच कामाबद्दल एक गोष्ट शिकवली, ती सांगते. मेलेल्या माणसाचे कपडे चढवायचे, त्याच्यासारखं बोलायचं, लोकांना वाटायला लावायचं की हा तोच, हे सुखनिधानने केलं आणि हे मीही करते. लोक दोघांकडेही येतात ते एकाच ओढीने. गेलेलं माणूस एकदा दिसावं. कोकणातली ती हजारो माणसं मूर्ख नव्हती. पानिपताने बहुतेक प्रत्येक घरातलं कुणी तरी नेलं होतं, आणि प्रेत कुणाचंच आलं नव्हतं. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण सहज बोलून जातो, पण त्या माणसांचा विश्वास गेला नव्हता, तो पंधरा वर्षं ताटकळत उभा होता. सुखनिधानने त्यावर फौज उभारली आणि ती माणसं पुन्हा एकदा मेली. म्हणूनच माझ्या पुस्तकाच्या शेवटी ती पानं आहेत, ज्यांच्याबद्दल प्रकाशकांचं म्हणणं होतं की वाचकाचा रसभंग होईल. कोणतं प्रकरण कागदावर उभं आहे, कोणतं ऐकिवावर आणि कोणतं निव्वळ माझं, ते तिथे प्रकरणवार लिहिलं आहे. वाचकाने रडावं, हरवून जावं, रात्रभर जागावं. पुस्तक मिटल्यावर मात्र त्याला कळलं पाहिजे की समोर कोण उभं होतं.

शेवटचा प्रश्न बहुतेक तरुण मुलांचा. तो भाऊ नव्हताच, हे तुम्ही इतकं ठामपणे का लिहिलंत? जरा धूसर ठेवलं असतं तर शेवट किती रंगला असता! काही जणांनी तसा शेवट लिहूनही पाठवला, त्यातला एक तर खरोखर चांगला होता.

धूसर ठेवलं नाही, कारण ते धूसर नाही. दोनदा चौकशी झाली, एकदा माधवरावांच्या राज्यात आणि एकदा नानांच्या. दोन्ही वेळी भाऊंना ओळखणारी माणसं हयात होती. पार्वतीबाईंचा न तुटलेला धागा ही त्यांची गोष्ट आहे, आणि ती त्यांच्या बाजूने मी शेवटपर्यंत तुटू दिली नाही. पण कादंबरीकार म्हणून मी जर म्हटलं की कोण जाणे, असेलही तो भाऊ, तर पानिपतावर हत्तीवरून उतरून घोड्यावर बसलेल्या तिशीतल्या माणसाचं मरण मी त्याच्याकडून काढून घेतलं असतं. ते माझ्या हक्कातलं नाही. ज्या मुलाने तो चांगला शेवट पाठवला, त्याला मी लिहिलं आहे की तुझी लेखणी बरी आहे, तू पुढे लिही. फक्त विषय असा निवड जिथे कागद खरंच गप्प आहेत. अशा जागा पुष्कळ आहेत. हवं तर ये, मी रुमाल कसा सोडायचा ते दाखवते.